दुसऱ्याच्या कोठीतली मूठ

धान्याच्या कोठीला कुलूप लागलेलं मी सकाळी चहाचं आधण ठेवताना पाहिलं. नवं कोरं, पिवळं कुलूप. या घरात कपाटांना कुलपं आहेत, दुकानाला आणि गोदामाला तर असणारच. पण स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीला मी आल्यापासून कधी साधी कडीसुद्धा लागलेली नव्हती. मला वाटलं, माकडांमुळे असेल. आमच्या सिंदीला माकडं मागच्या चिंचेवरून थेट ओट्यावर उतरतात. केळी नेतात ते सोडाच, एकदा कुकरची शिट्टी घेऊन गेली होती. मी हसत वहिनींना म्हटलं, "बरं केलंत वहिनी. आता वानरसेनेला उपास."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः कुलूप काढलं, स्वतः तांदूळ मोजून परातीत घातला आणि परात माझ्यासमोर सरकवली.

"इतकाच लागते ना रोज?"

"हो, एवढाच."

"बराबर पाहून घ्या मावशी. इतकाच ना?"

मी भित्र्या स्वभावाची आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅसचं बटण बंद केलं की नाही हे पुन्हा पुन्हा जाऊन बघते. दारात कोणी मोठ्यानं बोललं तर माझंच काही चुकलं असेल असं धरून चालते. पण त्या सकाळची भीती निराळी होती. मी या घरात स्वयंपाक करते, वहिनींचे यजमान म्हणजे भाऊ, त्यांच्या आईचं उठणं-बसणं, आंघोळ, औषधं बघते आणि मागच्या अंगणातल्या खोलीत राहते. काम गेलं की खोली गेली. आणि खोली गेली तर माझ्यापाशी दुसरं छप्पर नाही. परातीतला तांदूळ निवडताना माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं.

मी इकडची नाही. नगरकडच्या एका खेड्यातली. वडील लवकर गेले. आई मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायची, तिला हाताखाली कोणीतरी हवं होतं, म्हणून सातवीनंतर माझी शाळा सुटली. लग्न होऊन इथं आले, कारण नवरा सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर होता. तो आजारपणात गेला, मूलबाळ नव्हतं, आणि भावाच्या घरात त्याच्याच लेकरांना पाय पसरायला जागा नव्हती. त्या दिवसांत या घरच्या आई न्हाणीत घसरून पडल्या होत्या आणि अंथरुणाला खिळल्या होत्या. भाऊ कापसाचे आणि धान्याचे व्यापारी, त्यांचा कापूस त्याच जिनिंगला जायचा. कोणीतरी माझं नाव सुचवलं. आधी आईंच्या अंथरुणापाशी आले, आणि हळूहळू चुलीपाशी.

हे हळूहळू म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्याल. नातेवाइकांत कुजबूज झाली. किरिस्तावाची बाई ओट्यापाशी, देवघराला लागून! आईंची एक नणंद तर घरी येऊन बोलून गेली. तेव्हा आई खाटेवरून म्हणाल्या होत्या, "मले तिच्या हातची पोळी पचते. तुले पचत नसन तं तू नको येऊ जेवाले." माझं ताट वेगळं नाही, पेला वेगळा नाही. ज्या भांड्यातून घर जेवतं त्यातूनच मी जेवते. रोज संध्याकाळी प्रार्थनेत मी या घरासाठी आभार मानते, आणि ते तोंडदेखले नसतात.

आता त्या मुठीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरूनच झालं.

आमच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अर्पणाला पैसे टाकणारी घरं थोडी. बाकीच्यांनी काय द्यायचं? तर बायका रोज स्वयंपाकाला धान्य काढलं की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायच्या. ज्वारी असो, तांदूळ असो. ती देवाची मूठ. रविवारी उपासनेला प्रत्येकीनं आपला डबा न्यायचा आणि वेदीपुढच्या घमेल्यात ओतायचा. त्यातून एखाद्या म्हातारीची चूल पेटायची. माझ्या आईनं मला ते इतक्या लहानपणी लावलं की चूल पेटवायची म्हणजे आधी मूठ काढायची, हे हाताला पाठ झालं. आणि त्याबरोबर दुसरंही पाठ झालं, दान करायचं ते गुपचूप. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हाताला कळता कामा नये. सांगितलं की त्यातलं तुमच्या नावावर काही उरत नाही. मूठ काढताना आई पदर पुढे ओढून घ्यायची, शेजारीण चुलीपाशी बसलेली असली तरी.

इथं ओट्यापाशी आले तसा हात पहिल्याच दिवशी परातीकडे गेला. ओट्याखाली एक रिकामा प्लास्टिकचा डबा होता, त्यात मूठ पडली. मी मनाशी विचार केला होता, नाही असं नाही. दुसऱ्याच्या घरचं धान्य आहे. पण मला पोटभर जेवण कबूल आहे, म्हणजे या परातीत माझाही वाटा आहे. मी तेवढा भात कमी खाईन, झालं. आणि खरंच तेवढा कमी खात आले. रविवारी डब्यातला तांदूळ कापडी थैलीत ओतून गाडीनं वर्धेला, तिथून नालवाडीच्या बाजूला आमची लहानशी मंडळी एका घराच्या पुढच्या खोलीत जमते तिथं. तांदूळ दवाखान्यात आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी शिजतो. आमचे पाद्री, पाळकसाहेब, सांगतात, स्वर्गातल्या साठ्याला कीड लागत नाही. माझ्या डब्याला पावसाळ्यात सोंडे लागायचे, पण मी ते निवडून न्यायची.

हे या घरात कोणाला माहीत नव्हतं. माहीत होऊ द्यायचं नसतं, म्हणून मी कधी सांगितलं नव्हतं. त्यात काही वाईट दिसेल असं मनातही आलं नव्हतं.

कुलूप लागलं त्या सकाळी वहिनी परात देऊन दारातच उभ्या राहिल्या. मोबाइल बघत होत्या, पण जात नव्हत्या. माझा हात तांदळावर फिरत राहिला. खडा सापडेना, तरी मी खडे शोधत राहिले. कधी एकदा त्या जातात असं झालं. शेवटी आईंनी हाक मारली आणि वहिनी वळल्या. मी मागे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि पटकन मूठ डब्यात टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मूठ मी चोरासारखी घेतली.

आणि ते वरून कॅमेऱ्यानं बघितलं. मागच्या दारावरचा कॅमेरा भाऊंनी माकडांसाठीच बसवला होता. दुकानात आणि गोदामात आधीपासून होते, त्यांच्या जोडीला हा एक. त्याला ओटाही दिसतो हे मला ठाऊक होतं. त्याच्यासमोर मी केससुद्धा विंचरत नसे. पण हात आपला परातीत जातो तेव्हा कोणी तो बघत असेल, हे कुठून सुचणार?

पुढचे दिवस घर माझ्याशी कामापुरतं बोललं. मीठ जास्त झालं तरी कोणी काही म्हणेना, आणि ते जास्तच वाईट. वहिनी रोज कुलूप काढत, मोजत, परात देत. एकदा भांडी लावताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रविवारी थैलीत काय नेता मावशी?"

"पुस्तक असतं. चष्मा असतो."

खोटं नव्हतं. पुस्तक आणि चष्मा थैलीत असतातच. पण तांदळाचं नाव मी घेतलं नाही. त्यांनी "असं काय?" म्हटलं आणि कढई पालथी घातली.

रविवारी थैली न्यायची की नाही, याचा मी कितीदा विचार केला. नेली नाही तर भ्याले असं होईल. नेली तर फाटकातच अडवतील. आईंना न्हाऊ घालताना तेच डोक्यात होतं. त्या म्हणाल्या, "काय व, आज पानी सांडून राह्यली सारी?" मी म्हटलं, "थंडी पडायला लागली आई." शेवटी थैली पदराखाली घेतली आणि निघाले. कोणी अडवलं नाही. वहिनी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, तेवढंच.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी त्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगितली, जो पीक मावेना म्हणून कोठारं पाडून मोठी कोठारं बांधायला निघाला आणि आपल्या जिवाला म्हणाला, आता खा, पी, मजा कर. आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे भाऊंचं गोदाम येत होतं, छताला लागलेला पांढरा कापूस. मला त्यांची कीव आली. खरं सांगायचं तर, घमेल्यात थैली ओतताना मला जरा बरंही वाटलं. वाटलं, त्यांच्याकडे एवढं असून वर काही नाही, आणि माझ्याकडे इथं काही नसून वर साठत चाललंय. मी गाडीत बसून निवांत शेंगा खात परत आले.

घरी आले तर पुढच्या खोलीत सगळे बसलेले. आईंची खाटसुद्धा दाराजवळ ओढून घेतलेली.

"बसा मावशी," भाऊ म्हणाले.

मी खाली बसायला गेले.

"खाली नाई. खुर्चीवर बसा."

त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. भाऊंनी मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर आमचा ओटा आला. माझी पाठ, वेणी, कोपर. हात परातीत जातो, मूठ होते, मी वाकते, सरळ होते. मग दुसरा दिवस. तेच. साडी निराळी. मग पुन्हा. आवाज नव्हता. शेवटी कुलपाच्या दिवसाचं आलं. त्यात मी खांद्यावरून मागे बघते, परत बघते, आणि मग हात घालते. ती बाई मला ओळखू येईना. ती चोरच दिसत होती.

"माकडं पाहाले कॅमेरा उघडला होता मी," वहिनी म्हणाल्या. "भेटलं माकड."

"विकता काय मावशी?" भाऊंनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. व्यापारी माणूस, माल हातात घेऊन बघतात तसं विचारलं. "कोनी पैसे मागून राह्यलं काय? तसं असन तं सांगा. पन खरं सांगा."

"नाही भाऊ. देवाला देते."

"कोनत्या?"

"माझ्या."

मग मी सांगितलं. माझ्या आईचं, डब्याचं, घमेल्याचं, दवाखान्यातल्या लोकांचं. उलटसुलट सांगितलं. कोणी अडवलं नाही. संपल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हंजे पुन्य तुमचं अन् तांदूळ आमचा."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "माझ्याच वाटणीचा होता वहिनी. मी तेवढा भात कमी खाते. बघा ना त्याच्यात, माझं ताट बघा."

पण ताट त्यात नव्हतं. मी मागच्या पायरीवर बसून जेवते, तिथं कॅमेरा पोचत नाही.

"थांब," आई खाटेवरून म्हणाल्या. "कमी खाते म्हंजे? माह्या घरात तू अर्धपोटी राह्यत होती काय?"

"अर्धपोटी नाही आई. जरासं…"

"मी तिकडं देवाले निवद दाखवून राह्यली, अन् निवद रांधनारी बाई पायरीवर उपाशी! हे पाप कोनाच्या डोक्यावर? माह्या ना? काऊन नाई सांगितलं व मले?"

"सांगायचं नसतं आई. आमच्यात दान सांगत नाहीत."

"घ्या!" भाऊ एकदम हसले. "अन् आमच्यात पाटी लावतात. मंदिरातल्या पंख्याच्या पात्यावर बाबांचं नाव आहे. पंखा फिरला का कोनाले वाचता येत नाई, तरी आहे." हसण्यानं खोलीतला ताण जरा सैल झाला. भाऊंनी टीव्ही बंद केला. "जाऊ द्या. मूठ-मूठ काय करता मावशी, भिकाऱ्यावानी? एक कट्टा घेऊन जा. तांदळाचा अख्खा कट्टा, भरलेलं पोतं. मी गाडीत टाकून देतो वर्धेपर्यंत. फक्त तिथं सांगजा, आमच्या पेढीकडून आहे म्हनून. अन् हा मुठीचा धंदा बंद. कोठीचं कुलूपबी काढून टाकू. झालं?"

झालंच होतं की. काम राहिलं, खोली राहिली, वर एक कट्टा तांदूळ. वहिनीसुद्धा उठायला लागल्या होत्या. मी फक्त "बरं भाऊ, उपकार झाले" एवढं म्हणायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "विचारून सांगते."

वहिनी थबकल्या. "घ्या. आता फुकटचा कट्टा घ्यालेबी विचारा लागते."

मागच्या खोलीत जाऊन मी पाळकसाहेबांना फोन लावला. वाटलं होतं, ते मला धीर देतील, माझी बाजू घेतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "पोलिसांत जाणार नाहीत ना ते?"

"नाही नाही. कट्टा देतायत उलट."

"मग घ्या ताई. आभार माना आणि विषय मिटवा. तो व्हिडिओ कोणी ग्रुपवर टाकला, चोरीचा तांदूळ आपल्याकडे येतो म्हणून कोणी लिहिलं, तर आपली हातावर मोजण्याइतकी घरं. दिवस कसे आहेत, तुम्हाला सांगायला नको."

"आणि माझी मूठ?"

"ताई, एका कट्ट्यात अशा किती मुठी असतात!"

मला त्यांचा राग आला नाही. त्यांची लेकरं लहान आहेत, घरमालक रोज नवं काहीतरी बोलतो, आणि भीती काय असते ते मला कोणी शिकवायला नको. पण सकाळी मोठ्या कोठारांची गोष्ट सांगणारे तेच होते, आणि आता तेही मापानंच मोजत होते. मी फोन ठेवला आणि संध्याकाळच्या पोळ्या लाटायला गेले. पोळपाटावर लाटणं फिरत होतं आणि वहिनींचं वाक्य माझ्या मागेच लागलं होतं. पुण्य तुमचं अन् तांदूळ आमचा. सकाळी मला भाऊंची कीव आली होती. मी स्वतःला त्यांच्यापेक्षा श्रीमंत समजून शेंगा खात आले होते. आणि जे काही माझं वर साठलं असेल ते सगळं त्यांच्या गोदामातून गेलेलं. कमी खाल्लं ते खरं, पण माझा वाटा कुठला आणि त्यांचा कुठला, हे मी माझ्या मनानंच ठरवलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं म्हणून. की गुपित राखण्यातली गोडी सुटत नव्हती म्हणून?

कट्टा नेला तर काय होईल, तेही दिसत होतं. मंडळी टाळ्या वाजवेल. भाऊंचं नाव होईल, चांगलंच आहे. पण मी रिकाम्या हातानं उभी असेन, कट्ट्याच्या शेजारी. माझ्या आईनं मला दिलेली ती एवढीच एक गोष्ट होती. जमीन नाही, दागिना नाही, शाळा नाही. चूल पेटवताना आधी दुसऱ्याचं काढून ठेवायचं, एवढंच. ते सोडलं तर मी खरोखर गरीब होणार होते. आणि धरून ठेवलं तर कदाचित रस्त्यावर येणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंची वेणी घालताना मी विषय काढला. "आई, मला एक मागायचंय. माझा रोजचा शिधा मला वेगळा काढून द्या."

त्यांनी मान फिरवली. केसांची लट माझ्या हातातून सुटली. "वेगळा?"

"हो."

"माह्या भांड्यातलं नाई पाह्यजे आता तुले?" त्यांचा चेहरा पडला. "तुले एका भांड्यात जेवू घातलं म्हनून माही नणंद दिवाळीले आली नाई या घरात. अन् आता तूच वेगळी चूल मागून राह्यली?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या आजीच्या ओंजळीत लोक वरून भाकरी टाकत, ते ऐकत मी वाढले. वेगळं या शब्दाला इथं कुठला वास येतो हे मला कळायला हवं होतं. मी खाटेपाशी खाली बसले आणि त्यांचे पाय धरले. "वेगळी चूल नको आई. तुमच्याच भांड्यात शिजू द्या. पण भांड्यात पडायच्या आधी माझा वाटा माझ्या हातावर पडू द्या. दिला म्हणून तुम्ही सांगा, मिळाला म्हणून मी सांगते. मग त्यातली मूठ मी काढेन. कट्टा नको."

"कट्टा नको?" वहिनी दारात होत्या. "मावशी, हे ऐकलं तं तुमचं सामान फाटकाबाहेर जाईन. कालच किती सांभाळून घेतलं ह्यांनी."

भाऊ देवपूजा आटोपून बाहेर येईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. आईंनीच सांगितलं त्यांना. भाऊंचे कान लाल झाले.

"म्हंजे मी दिलेलं चालत नाई?"

"चालतं भाऊ. तुमचा कट्टा मी स्वतः पोचवेन, पेढीचं नाव सांगेन. पण ते तुमचं देणं. मी त्याला हात लावून माझं म्हणू शकत नाही. काल वहिनी बोलल्या ते खरं होतं."

"अन् मी म्हटलं, नाई जमत? तं?"

मागच्या खोलीत एक पेटी आणि एक वळकटी, ते बांधायला किती वेळ लागतो, एवढाच विचार डोक्यात होता. तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला, वजनकाट्यावर कापसाचा टेम्पो येऊन उभा होता आणि ड्रायव्हर घाई करत होता. त्यांनी चपला घातल्या. "आईनं ठेवली, आईच पाहीन," असं म्हणून गेले.

आईंनी सुटलेली लट कानामागे सारली. वेणी अर्धीच होती. त्या म्हणाल्या, "सूनबाई, वाटी आन."

"आई, तुम्ही पन ना…"

"आन म्हटलं ना. तिचा वाटा तिच्या हातावर दे. त्या तुह्या कॅमेऱ्यासमोरच दे, म्हंजे कोनाचा झमेला नाई. अन् तू," माझ्याकडे बोट, "उद्यापासून पायरीवर नाई जेवाचं. माह्या खाटेपाशी बसाचं. काय खाते काय नाई, मले दिसलं पाह्यजे."

काम राहिलं. खोली राहिली. गुपित तेवढं गेलं. आता माझी मूठ घरात सगळ्यांसमोर निघणार होती, आणि लहानपणापासून शिकलेल्या हिशोबानं तिच्यातलं किती माझ्या नावावर उरेल, हे देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी कोठी उघडली. आधी घराचा तांदूळ परातीत घातला. मग वाटी भरली, वरची शीग बोटानं सपाट केली आणि माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला तसं त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, वाटी मागे घेऊन त्यांनी पुन्हा तिच्यावर शीग लावली. "घ्या," म्हणाल्या.

वाटी ओट्यावर ठेवली. वर कॅमेरा, शेजारी वहिनी. मी हात घातला आणि मूठ डब्यावर नेली. उघडायच्या आधी सहज नजर गेली. परातीतून घ्यायचे तेव्हा माझी मूठ कशी भरगच्च असायची, बोटांच्या फटींतून दाणे गळायचे. आणि ही? आवळलेली. आत जेमतेम तळहात झाकेल इतकेच दाणे. हात तोच होता, पण आज तांदूळ माझा होता, आणि ते हाताला कळलं होतं.

वहिनींनीही पाहिलं. "इतकीच?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारलं.

मला वर बघवेना. मी मूठ वाटीत परत सोडली, हात झटकला आणि पुन्हा आत घातला. या वेळी बोटं सैल ठेवली, जितकं येईल तितकं येऊ दिलं. डब्यात पडताना आवाज झाला. वाटीत उरलेला तांदूळ मी घराच्या परातीत ओतला, आणि सगळा एकत्र धुवायला घेतला.